कोमट झाड

१

माझा मुलगा राजन ऑफिसला निघताना माझ्या पायाला हात लावतो. म्हणजे लावायचा म्हणून लावतो. एका हातात गाडीची किल्ली, खांदा वर करून कानाशी दाबलेला फोन, फोनवर कुणाला तरी झापणं चाललेलं, आणि मोकळ्या हाताची दोन बोटं माझ्या पावलाला टेकवून पळतो. कधी घाईत गुडघ्यालाच हात लावतो. पण चुकवत नाही. त्याच्या वडिलांनी लावलेली सवय, ती शारजात येऊनही टिकली.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं हात लावला आणि मी पाय ओढून घेतला.

गार लागला. पाण्यातून काढलेला हात गार असतो, पण तो ओला असतो. हा कोरडा गारवा होता. थंडीच्या दिवसांत अंगणात राहिलेला लोखंडी खलबत्ता पहाटे उचलायला जावं आणि बोटं चिकटावीत, तसा.

फोन नव्हता कानाला. तो वाकून उभा होता. मी पाय ओढला तरी त्याची बोटं फरशीवर तिथंच टेकलेली, जणू पाय अजून तिथं आहे. मग सावकाश उठला आणि म्हणाला, "येतो हं, आई."

'निघालो' म्हणतो राजन. 'येतो हं' त्यानं कधी म्हटलेलं मला आठवत नाही, आणि मला सगळं आठवतं.

मी खुर्चीत बसून स्वतःची समजूत घातली. माझं वय झालं. साखरेनं पायाला मुंग्या येतात, गरम-गार कळत नाही. घरात एसी चालू. गार हात लागला तर त्यात काय एवढं. मग मोजा काढून पाऊल पाहिलं. जिथं बोटं टेकली होती तिथं दोन पांढरे ठिपके उठले होते. बराच वेळ रक्त आलं नाही तिथं.

२

आदल्या दिवशी काय झालं ते सांगते.

आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांना एक नाद लागला होता. तिकडे दुबईत अल क्वोजमध्ये टायरची, फर्निचरची गोदामं आहेत. त्या रांगेत एका कंपनीनं भलीमोठी शेड थंड करून आत बर्फाळ मुलखातली झाडं लावलीत. बर्च, मेपल, स्प्रूस अशी त्यांची नावं. बाहेर माणूस भाजून निघतं आणि आत पायाखाली बर्फ. झाडं लोकांनीच सांभाळायची असा तिथला कायदा, म्हणून एकेका घरानं एकेक झाड घेतलेलं. शनिवारी सकाळी पोराबाळांसकट सगळी वरात तिकडे.

काम तसं सोपं. बुंध्याभोवती लाकडाच्या चिपा पसरायच्या, पण सालीला चिकटू द्यायच्या नाहीत, नाहीतर साल कुजते. फांदीवर बर्फ साचला तर वरून झोडायचा नाही, खालून झाडू लावून फांदी हलकेच उचलायची. वाटेवर मीठ टाकायचं नाही, मुळं जळतात. रेती टाकायची. रेतीला इथं काय तोटा. माझी नात केया भिंतीवरची पाटी इंग्रजीत वाचायची आणि माझ्यासाठी मराठीत उरकायची. "झाडाला काही बांधलं तर लगेच काढायचं आजी, नाहीतर इट चोक्स. आणि हळू बोल. दे आर स्लीपिंग."

झाडांना झोपवायला यंत्रं लागतात, हेच मला पटलं नव्हतं. ती यंत्रं सारखी घुमायची. मधेच बंद पडायची तेव्हा आत जी शांतता व्हायची ती काही चांगली नव्हती.

सहाव्या मजल्यावरच्या शुभ्राच्या डोक्यात आलं, की भर उन्हात पार्कात वड शोधत कशाला हिंडायचं, आपलं हक्काचं झाड आहे की. पौर्णिमा मधल्याच वारी होती, तरी मुनीरकडून सकाळची वेळ मागून घेतली. मुनीर म्हणजे त्या शेडचा इनचार्ज. माझी सून अनुराधा सगळ्यांच्या आधी तयार.

मी म्हटलं, "वड तो वड. हे कुठल्या मुलखाचं झाड. तुम्ही काय मागताय ते त्याला काय कळणार?"

"तुम्हाला पुजायचं नाहीये ना, आई? मग राहू द्या की," अनुराधा म्हणाली.

माझे गेले त्याला बरीच वर्षं झाली. तिनं ते न बोलता बोलून घेतलं.

तर मी दाराशी पर्सा सांभाळत उभी. पैठण्यांवर फुगीर जाकिटं, नाकात नथी, तोंडातून वाफा. आंबे दगडासारखे झाले होते. हळदकुंकू सालीला लागेना, बोटांनाच गोठून बसलं. बायका हसत होत्या, फोटो काढत होत्या, मुनीर घड्याळ दाखवत होता, "यल्ला मॅडम, यल्ला." आमचं झाड बर्चचं, पांढऱ्या सालीचं, मांडीएवढ्या जाडीचं. अनुराधा त्याच्याभोवती फिरत होती आणि ती हसत नव्हती. बाकीच्यांनी सूत सैल गुंडाळलं. ही दर फेरीला सूत ओढून घ्यायची, पोत्याचं तोंड आवळतात तसं.

आदल्या रात्री राजननं आमटीची वाटी भिंतीवर फेकली होती. मीठ जास्त झालं म्हणून. तापट आहे तो. अनुराधानं भिंत पुसली होती.

शेवटची फेरी संपली आणि झाडातून आवाज आला. कट्. एकदाच.

मुनीर म्हणाला, "कुछ नहीं अम्मा. लकड़ी है, ठंड में बोलती है."

बाकीची झाडंही लाकडाचीच होती. ती गप्प होती.

३

त्या शनिवारी राजननं गाडी आणली, शेडसमोर लावली आणि इंजिन बंद केलं. "तुम्ही जाऊन या. मी इथंच बसतो."

एरवी हा सगळ्यांच्या पुढे. आत शिरून हुकूम सोडणार, झाडू असा धर, चिपा तशा टाक, मुनीरशी वाद घालणार. मी म्हटलं, "उन्हात काय बसतोस, आत गार आहे."

"मी इथंच बरा आहे, आई."

आत गेलो. केया रेतीची बादली घेऊन पोरांत पळाली. मी आमच्या झाडापाशी आले आणि थांबले. बुंध्याभोवतीचा बर्फ वितळला होता. परातीएवढी जागा, काळी, ओली माती. शेजारच्या झाडांपाशी बर्फ होता तसाच, नुसता पायाचा ठसाही नाही.

मी हातमोजा काढला आणि तळवा सालीवर ठेवला.

कोमट होतं. लहान पोराला कणकण असली आणि कपाळाला हात लावला, तेवढं.

म्हटलं, खाली पाइप असेल. वरचा दिवा तापत असेल. पलीकडच्या बाजूला जाऊन हात लावला, तिथंही तेच. शेजारच्या मेपलला लावला तर हात झोंबला. पुन्हा बर्चला लावला. आणि या वेळी हाताखाली साल थोडी वर आली आणि खाली गेली. माझीच नाडी असेल म्हणून मी श्वास धरला. माझी नाडी छातीत धडधडत होती, भराभर. हाताखालची सावकाश होती.

अनुराधा मागं उभी होती. "काय झालं?"

"हात लावून बघ."

तिनं दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. "झाड आहे, आई."

"म्हणून तर म्हणतेय, लाव."

ती चिपा पसरायला वळली. खिशातले हात बाहेर काढावे लागतील म्हणून पायानंच पसरायला लागली.

बाहेर आलो तर ऊन असं, की डोळे उघडवेनात. राजन तसाच बसलेला. काचा बंद, एसी बंद. मी दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. सीटला हात टेकवेना. त्याचा शर्ट कोरडा होता. इस्त्री मोडली नव्हती.

"झालं का सगळं नीट?" त्यानं हसून विचारलं.

४

आता जे सांगते त्याला वाईट म्हणावं असं त्यात काही नाही.

राजनचा आवाज घरात चढेनासा झाला. ताटात पडेल ते खायचा. ताट स्वतः उचलायचा. केयाच्या अभ्यासाला शेजारी बसायचा, ती चुकली तरी हसायचा. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गॅलरीत जाऊन उन्हाकडे तोंड करून उभा राहायचा. कुणी काही बोललं की आधी ऐकायचा, मग मान हलवायचा, मग बोलायचा, जणू प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन बघतोय. जुन्या गोष्टी काढल्या की मान हलवायचा आणि पुढचं मी सांगायची वाट बघायचा. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "तुझा तो मामा आठवतो ना, बैलगाडीतून पडलेला?" म्हणाला, "हो, आठवतो की." त्याला मामा नाही. मी एकुलती एक.

मी अनुराधाच्या मागं लागून त्याला क्लिनिकमध्ये पाठवलं, मीही गेले. नर्सनं थर्मामीटर लावला, बघितला, झटकला, दुसरा आणला. मग काहीतरी लिहून टाकलं आणि म्हणाली, सब ठीक है. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला असता तर. पण आता कुणी हात लावत नाही.

केया म्हणाली, "बाबा इज नाइस नाऊ. डोन्ट स्पॉइल इट, आजी."

नऊ वर्षांची पोर. मला म्हणे, बिघडवू नकोस.

स्वयंपाकघरात अनुराधा पोळ्या लाटत होती तेव्हा मी विषय काढला. "राजनला बरं नाहीये."

"घरात आवाज नाही, आदळआपट नाही. आणखी बरं कसं असतं?"

"तेच म्हणतेय मी."

"म्हणजे त्यानं वाटी फेकली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं?"

"तो राजन वाटला असता."

तिनं लाटणं खाली ठेवलं. "तुम्हाला तो राजन हवाय, आई. तुमचा मुलगा आहे, हवा असणारच. पण त्याच्याबरोबर दिवस मला काढायचे असतात."

"तू काय मागितलंस त्या झाडाकडे?"

"सगळ्या बायका मागतात तेच. नवरा." तिनं पोळी तव्यावर टाकली. "आणि हे बाहेर कुणाशी बोलू नका. म्हातारीला भास होतात म्हणतील. तुमचा व्हिसा राजनच्या नावावर आहे, तेवढं लक्षात असू द्या."

पोळी फुगली. तिनं ती फडक्यानं दाबली.

५

पुढच्या शनिवारी मी गोधडीची कात्री पदराआड घेऊन गेले.

विचार मी पुष्कळ केला होता. सूत म्हणजे कापूस. कापलं आणि काही झालं नाही, तर मी खुळी ठरेन, ठरू दे. कापलं आणि माझा मुलगा सुटला, तर सुटला. पण रस्ताभर दुसरंच मनात येत होतं. त्या सुतात बायकोनं नवऱ्याचं आयुष्य बांधलेलं असतं. ते विधवा बाईनं कापायचं? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी जन्मभर म्हणत आले. म्हणणं सोपं असतं, कात्री हातात नसते तोवर.

बाकीच्या झाडांवरची सुतं काढायची राहून सैल लोंबत होती, त्यावर बर्फाची बुरशी धरलेली. आमच्या झाडावर सूत दिसेना. मी पदरानं साल पुसली. पुसल्यावर कळलं. बुंध्याभोवती एक बारीक खाच गेली होती आणि खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींवर येऊन मिटल्या होत्या. ओठ मिटावेत तशा. सूत आत गेलं होतं.

झोपलेलं झाड वाढत नाही. पाटीवर तसंच लिहिलंय, केयानंच वाचून दाखवलं होतं.

मी कात्रीचं टोक खाचेत सरकवलं आणि साल जराशी उचलली. बर्चची साल कागदासारखी सुटते. नखाएवढा तुकडा वर आला आणि आतून बोटांवर गरम हवा आली.

आत लाकूड नव्हतं. गहूवर्णी होतं काहीतरी, बारीक छिद्रांचं. त्यावर बारीक काळी लव होती आणि बाहेरची थंडी लागल्याबरोबर त्यावर काटा आला. माझ्या डोळ्यांदेखत. एकेक केस उभा राहिला.

मी तो सालीचा तुकडा परत बसवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. दुखलं असेल का, एवढंच मनात आलं. अंगठ्याखाली ती सावकाश नाडी आता सावकाश राहिली नव्हती.

"कात्री द्या," अनुराधा म्हणाली. मागून कधी आली कळलं नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं.

"आत बघ. एकदा बघ, मग तू म्हणशील ते."

"मला बघायचं नाहीये."

"तुला माहीत आहे."

तिनं कात्री काढून घेतली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली, चेन ओढली. "पुढच्या वेळी तुम्ही घरी थांबा," ती म्हणाली. तिचे ओठ थंडीनं निळे पडले होते. मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा कळलं, की ती झाडाच्या अगदी जवळ उभी होती, पण त्याची ऊब घ्यायला पुढं झाली नव्हती.

६

मी घरी थांबले नाही. थांबवलं असतं त्यांनी, पण राजनच म्हणाला, "येऊ दे ना आईला." त्याच्या शब्दाला आता घरात मान होता.

आत शिरलो आणि सगळी बिल्डिंग आमच्या झाडाभोवती उभी. झाडाला पानं आली होती. हिरवीगार, ओली, त्या बर्फात. शेजारच्या मेपलचाही बर्फ उतरायला लागला होता. मुनीरच्या हातात करवत होती, यंत्राची.

"बीमार है," तो अनुराधाला म्हणाला. "सर्दी में जाग गया. दूसरों को भी जगाएगा. काटना पड़ेगा, मॅडम. जिसका झाड़ उसकी हाँ चाहिए."

मी मधे पडले. "आमची ना आहे."

मुनीरनं माझ्याकडे बघितलं नाही. झाड अनुराधाच्या नावावर होतं.

मी बाहेर धावले, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. राजन गाडीत. मी दार उघडून त्याचा हात धरला आणि ओढला. "चल आत. एकदाच चल. त्याला हात लाव आणि मग काय ते होऊ दे."

स्टिअरिंगचा उन्हानं निखारा झाला असेल, त्यावर त्याचे दोन्ही हात निवांत होते. ते मला हलवता आले नाहीत. तो जोर करत नव्हता. मी जमिनीत रुतलेलं काहीतरी ओढतेय असं वाटलं.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "ते आजारी आहे. कापलेलं बरं."

त्याला कुणी सांगितलं होतं? मुनीर आत बोलला होता. हा गाडीतून उतरला नव्हता.

मी परत आत आले आणि झाडाला मिठी मारली. लपवायचं काय त्यात. जाकिटाच्या आतून ऊब लागली, आणि छातीशी ती धडधड. शुभ्रा आली, आणखी कुणी आल्या. "काकू, असं काय करताय," म्हणत त्यांनी माझे हात सोडवले. अनुराधा त्यांना म्हणाली, "साखर उतरलीय त्यांची. बसवा जरा." मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, शुभ्रानं तोंडात गोळी कोंबली लिंबाची.

मुनीरनं करवत लावली आणि लगेच बंद केली. काहीतरी अडलं म्हणाला. तेवढ्यात थंडीची यंत्रंही थांबली, आणि त्या शांततेत ते कण्हणं आलं.

राजनला लहानपणी ताप चढला की तो रडायचा नाही, आई आई करायचा नाही. दर श्वासाला नाकातून बारीक हुंकार काढायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या हुंकाराला दातावर दात घासायचा. मी रात्ररात्र ऐकलंय ते. ते तसंच होतं. दातांसकट.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, हवा आहे आत. केयानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

अनुराधानं ऐकलं. मी तिच्याकडेच बघत होते. तापात तो अजूनही तसाच कण्हतो, आणि तिच्याही रात्री त्याच्या उशाशी गेल्या आहेत. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं, एक पाऊल तिनं झाडाकडे टाकलं, हात खिशातून बाहेर आला. मला वाटलं, आता लावेल. आता लावला तर संपलं, मग तीही माझ्यासारखीच त्याला सोडणार नाही.

तिनं तो हात वर नेऊन जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"काट दो," ती मुनीरला म्हणाली.

मी बघितलं नाही. ऐकलं. करवतीच्या आवाजाखाली दुसरा आवाज किती वेळ चालला ते मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही.

खलास, मुनीर म्हणाला. डोळे उघडले तेव्हा खोडाच्या कापलेल्या तोंडातून वाफ येत होती आणि पोरं तिच्यावर हात शेकत होती.

"चला आई," अनुराधा म्हणाली. तिनं माझा दंड धरला, घट्ट. "राजन थांबलाय."

मी गेले. कुठं जाणार होते?

तो गाडीबाहेर उभा होता, माझ्यासाठी दार उघडून. मला पुढं बसवलं, पट्टा स्वतः लावून दिला. त्याची बोटं माझ्या हाताला लागली. गार नव्हती आता. माणसाची असतात तशी होती, थोडी जास्तच ऊबदार. मागं अनुराधा आणि केया. कुणी रडत नव्हतं. हायवेला लागलो आणि त्यानं एसी लावला.

"आई," तो म्हणाला, "मी लहानपणी कसा होतो गं? आजारी पडायचो का? सांग ना सगळं. पहिल्यापासून."

मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. ते सगळं आता फक्त माझ्याकडे उरलं होतं, आणि त्याला ते हवं होतं.

"आता काही आठवत नाही रे," मी म्हणाले.

मागून अनुराधा म्हणाली, "आईंना सगळं आठवतं. बारीकसारीक सगळं."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला.

"मग सावकाश सांग," तो म्हणाला. "घाई कुठे आहे."